टीव्ही नसलेली वस्ती

२००४ साली मी एम.ए.ला प्रवेश घेतला. विषयाचं नाव 'उदयोन्मुख माध्यम अभ्यास'. हे नाव मला स्वतःला न अडखळता म्हणता यायला पंधरा दिवस लागले. विभाग नवा होता. विद्यार्थी अकरा होते आणि कम्प्युटर चार, त्यातला एक सरांचा. पुण्यात कुणाला विषय सांगितला की लोक "अरे वा" म्हणायचे आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायचे. पिंपळवंडीला आमच्या वस्तीवर ती सोय नव्हती. तिथं समजेपर्यंत माणसाला सोडत नाहीत.

"म्हंजी पेपरात लागनार का?" शेजारच्या ठमामावशींनी विचारलं.

"न्हाई."

"टीव्हीवर दिसनार?"

"न्हाई."

"मंग शिकतीस तरी काय?"

मी म्हणाले, टीव्ही, मोबाईल, कम्प्युटर असलं काही घरात आलं की माणसं कशी बदलतात, ते शिकते. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि संध्याकाळी पदराखाली रिमोट घेऊन आल्या. आवाजाचं बटण चालत नव्हतं. मी तो उघडून आतली धूळ पुसली, तो चालला. मी काय शिकते हा प्रश्न वस्तीपुरता तिथंच मिटला. पुढच्या दोन वर्षांत मी सात रिमोट आणि एक मिक्सर दुरुस्त केला. पदवीचा एवढा रोकडा उपयोग त्यानंतर मला कुणाला दाखवता आलेला नाही.

दुसऱ्या वर्षाला प्रबंध होता. तो गेला की वर्ष गेलं, आणि स्कॉलरशिप मोजून दोन वर्षांची. वडील मी दहावीत असतानाच वारले. आईनं, म्हणजे कोंडाबाईनं, लोकांच्या टोमॅटोच्या बांधणीला जाऊन मला इथवर आणलं होतं. आणखी एक वर्ष शिकव असं तिला म्हणायचं तोंड मला नव्हतं. तेव्हा प्रबंध याच वर्षी, याच फेरीत पास व्हायला हवा होता. यात दुसरा काही पर्याय नव्हता.

विषय सरांनीच दिला: 'ग्रामीण कुटुंबांतील नव्या माध्यमांचा वापर: एका वस्तीचा अभ्यास'. साठ घरं, साठ फॉर्म. सर भले गृहस्थ होते. हळू बोलायचे आणि पुस्तकाच्या पानाला बोट लावण्याआधी ते रुमालाला पुसायचे.

"प्रज्ञा, तू तिथलीच आहेस," ते म्हणाले. "तुला ते खरं सांगतील. बाहेरच्या माणसाला नाही सांगणार."

मलाही तसंच वाटलं. इतकं शिकून इतकं मूर्ख राहता येतं, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

फॉर्म चौदा पानांचा होता. 'आपल्या कुटुंबात दृक्-श्राव्य साधने उपलब्ध आहेत काय? असल्यास संख्या नमूद करावी.' अशी भाषा. शेवटच्या पानावर सही किंवा अंगठ्याची जागा. पहिल्या पानावर विभागाचा गोल जांभळा शिक्का, आणि तो मारायचा हट्ट माझाच. शिक्का असला की लोक काम मनावर घेतात, असा माझा अंदाज होता. तेवढा अंदाज बरोबर निघाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन घरी आले आणि सुरुवात ठमामावशींपासून केली. त्यांच्या घरावर अँटिना होता. घरात कोपऱ्यात टेबलावर काहीतरी चौकोनी होतं, त्यावर गोधडी टाकलेली. समोर खाटेवर त्यांचे यजमान गेणभाऊ बसले होते आणि गोधडीकडे एकटक बघत होते.

"मावशी, टीव्ही हाय का?"

"न्हाई."

"वर अँटिना हाय की."

"वाळवनावर कावळं बसत्यात. त्यांच्यासाठी."

कावळ्यांचा बंदोबस्त मी लिहून घेतला नाही. पुढचा प्रश्न मोबाईलचा होता. तो विचारत असतानाच पिठाच्या डब्यात मोबाईल वाजायला लागला. त्यांचा मुलगा रुपेश भोसरीला कंपनीत होता, तो याच वेळेला फोन करतो हे मला ठाऊक होतं. आम्ही दोघींनीही गप्प राहून तो थांबायची वाट बघितली. बराच वेळ वाजला.

"मोबाईल?" मी विचारलं.

"न्हाई," मावशी म्हणाल्या आणि अंगठा पुढं केला.

चार दिवसांत साठ घरं झाली. टीव्ही शून्य. मोबाईल शून्य. केबल शून्य. रेडिओ एक, तोही बंद. भागूच्या घरी टीव्ही झाकायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून त्याची बायको टीव्हीपुढं उभी राहिली आणि चौदा पानं होईपर्यंत हलली नाही. तिच्या दोन्ही बाजूंनी मालिकेतल्या सासूचे हातवारे दिसत होते. साळुबाईंनी तर मलाच विचारलं, टीव्ही म्हंजी काय गं? आदल्याच महिन्यात मी त्यांचा रिमोट दुरुस्त केला होता.

मला राग आला. लहानपणापासून ज्यांच्या घरी जेवले, ती माणसं माझ्या तोंडावर, माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलत होती, आणि त्यात त्यांना काडीचीही लाज वाटत नव्हती. शेवटचा, साठावा फॉर्म आमच्याच घरचा होता. आईला म्हटलं, बस समोर. ती हात पुसून, पदर सारखा करून बसली. आमचा छोटा काळापांढरा टीव्ही तिच्या मागं सुरू होता.

"टीव्ही हाय का?" मी विचारलं.

"न्हाई."

"आई, मी तुझी पोरगी हाय."

"तू माजीच हाईस, बाय," आई म्हणाली. "कागद कुनाचा हाय?"

मग तिनं सांगितलं. मी पुण्यात बी.ए.ला होते तेव्हा दारिद्र्यरेषेचा सर्व्हे झाला होता. एक मास्तर असाच शिक्क्याचा कागद घेऊन घरोघर आला होता. त्याच सुमारास रुपेशच्या शेठनं नवा टीव्ही घेतला आणि जुना रंगीत रुपेशला देऊन टाकला. वस्तीवरचा तो पहिला रंगीत टीव्ही. ठमामावशींनी मास्तरला तो कौतुकानं दाखवला, लावूनही दाखवला, वर चहा पाजला. यादी आली तेव्हा त्यांचं नाव नव्हतं. पिवळं कार्ड जाऊन केशरी आलं. वर्षभरात गेणभाऊ विहिरीच्या पायरीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात फुकट ऑपरेशनला पिवळं कार्ड मागितलं. केशरीवर होत नाही म्हणाले. त्यांना जीपमध्ये घालून परत आणलं. तेव्हापासून ते खाटेवर आहेत आणि दिवसभर तोच टीव्ही बघतात.

"ठमाबाई तवापास्नं नव्या सर्व्हेची वाट बघतीया," आई म्हणाली. "औंदा ईल म्हनतात. नाव परत लागंल, आप्रेशन व्हईल. तू कागद घिऊन आलीस, तिला वाटलं त्योच आला."

मी म्हणाले, हा कागद सरकारचा नाही, कॉलेजचा आहे. आईनं फॉर्म उलटा करून शिक्का बघितला, पुन्हा सुलटा केला आणि अंगठा पुढं केला.

आता मला दोनच गोष्टी करता येत होत्या. एक म्हणजे मला माहीत असलेलं खरं लिहायचं. पण खाली अंगठा त्यांचा आणि वर आकडा माझा, हे माझ्याच्यानं होईना. दुसरी म्हणजे सरांना कारण सांगायचं. मग सर ते प्रबंधात लिहायला लावणार, प्रबंध छापून लायब्ररीत लागणार, आणि वस्तीतली साठ घरं कशी खोटं बोलली हे नावगावासकट कुणालाही वाचता येणार. मी साठ फॉर्म जसेच्या तसे सरांपुढं ठेवले आणि कारण सांगितलं नाही.

सरांनी दहा फॉर्म बघितले. मग मधले पाच, मग शेवटचे पाच. बोट रुमालाला पुसलं.

"पुणे-नाशिक रस्त्यावरची वस्ती," ते म्हणाले, "आणि एकाही घरात टीव्ही नाही?"

"हो सर."

"एकच पेन. एकच अक्षर. साठ वेळा नाही, नाही, नाही. प्रज्ञा, हे तू घरी बसून भरलंस."

"नाही सर, घरोघर गेले होते."

सर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांना वाईट वाटलं होतं. म्हणाले, रविवारी मी स्वतः येतो. फॉर्मात लिहिलंय तसं असेल तर मी तुझी माफी मागेन. एक जरी टीव्ही निघाला, तरी हा प्रबंध मला पुढं पाठवता येणार नाही.

मी घरी फोन केला, म्हणजे पिठाच्या डब्यात केला आणि आईला बोलावून घेतलं. सर काय म्हणाले ते सांगितलं.

"रयवारी कितीला येनार?" तिनं विचारलं.

"अकरा वाजता."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी सरांबरोबर एसटीनं आले, फाट्यावर उतरून वस्तीकडं वळले आणि माझे पायच थांबले. एकाही घरावर अँटिना नव्हता. केबलची वायर नव्हती. सगळी घरं हजामत केल्यासारखी दिसत होती. ओतूरला टीव्ही-दुरुस्तीचं दुकान असलेले गफूरभाई वस्तीच्या तोंडाशी आपल्या टेम्पोत बसले होते. आमच्याकडचे सगळे अँटिने त्यांनीच बसवलेले. त्यांनी मला सलाम केला आणि लगेच दुसरीकडं बघायला लागले.

सरांनी सहा घरं बघितली. स्वतः आत जाऊन, कोपरेसुद्धा. भगवंताच्या घरी भिंतीवर टीव्हीएवढा चौकोन स्वच्छ पांढरा होता आणि बाकी भिंत धुरकट. सरांनी तो पाहिला. भगवंत म्हणाला, तिथं आरसा व्हता, फुटला. ठमामावशींच्या घरी टेबल रिकामं होतं. गेणभाऊ रिकाम्या टेबलाकडं बघत बसले होते. सर त्यांच्याकडं पाहत जरा वेळ थांबले, मग बाहेर आले.

"प्रज्ञा, मी चुकलो," वस्तीच्या मधोमध उभं राहून सर म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी तुझ्यावर उगीच संशय घेतला. आजच्या काळात अशी वस्ती असू शकते, हे माझ्या शहरी डोक्याला पटेना. माफ कर."

बायामाणसांनी निःश्वास सोडला. आई चहा टाकायला वळली. मला मात्र जमिनीत जावंसं वाटत होतं. सरांसारख्या माणसानं आपली माफी मागावी, तीही एका खोट्यासाठी, हे मला अजून आठवलं तरी लाज वाटते.

"निघण्यापूर्वी विहारात वंदन करून येतो," सर म्हणाले.

सगळी वस्ती जागच्या जागी थिजली. पण वंदनाला निघालेल्या पाहुण्याला नको कोण म्हणणार? आणि आमच्या विहाराला कुलूप कधीच नसतं. सरांनी चपला काढल्या, पाय धुतले, कडी काढली आणि दार उघडलं.

आत एक्केचाळीस टीव्ही होते. पुढं रंगीत, मागं काळेपांढरे, नीट रांगा लावून. मूर्तीकडं पाठ नको म्हणून सगळ्यांची तोंडं मूर्तीकडं केलेली होती, त्यामुळं पाठी दाराकडं आल्या होत्या. अदलाबदल होऊ नये म्हणून गफूरभाईंनी प्रत्येकाच्या पाठीवर खडूनं मालकाचं नाव घातलं होतं. त्यांचं अक्षर फार सुंदर.

सर बघत राहिले. मग वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. आईच्या दोन वर्षांचं मी मातेरं केलं.

गर्दीतून ठमामावशी पुढं आल्या.

"साहेब, ह्ये समदे माझे हायत," त्या म्हणाल्या.

"सगळे?" सरांनी विचारलं.

"व्हय."

"एक्केचाळीस?"

"आवड हाय."

सर पुन्हा टीव्हींकडं वळले. "यावर नावं आहेत," ते म्हणाले. "भगवंत. साळुबाई. भागू."

"मीच ठिवलीत. इतके हायत, वळखायचं कसं?"

"आणि ही कोंडाबाई?"

"त्यो जुना हाय," मावशी म्हणाल्या. "चित्र येतं, आवाज बारीक." माझी आई तिथंच चहाचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं मान हलवून दुजोरा दिला.

कुणीही हसलं नाही. मावशी एक पायरी वर चढल्या.

"पोरीनं लिवलंय ते खरं हाय, साहेब. एकोनसाठ घरांत काय न्हाई. माझाच फारम तेवढा खोटा. तिनं इचारलं, मी न्हाई म्हनले. तिचा काय दोष? माझं नाव तर आदीच कापलंय. आता समदे माझ्यावर लिवा, पर पोरीचं वरीस घिऊ नका."

"कुठलं नाव कापलंय?" सरांनी विचारलं.

तेव्हा मी बोलले. मास्तर, यादी, केशरी कार्ड, गेणभाऊंचा खुबा, नवा सर्व्हे. चार वाक्यांत सांगितलं असेल. सरांनी ऐकलं. खाली वाकून त्यांनी सगळ्यांत जवळच्या टीव्हीच्या पाठीवरचं 'भगवंत' रुमालानं पुसलं. मग 'साळुबाई'. हाताला येतील तेवढी नावं पुसली, रुमाल पांढरा झाला तसा घडी करून खिशात ठेवला.

"कोरा फॉर्म आहे?" त्यांनी मला विचारलं.

माझ्या पिशवीत दोन होते. सर विहाराच्या पायरीवर बसले, मावशींना शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हातानं फॉर्म भरायला लागले. नाव, वय, कुटुंबातल्या व्यक्ती. दृक्-श्राव्य साधने उपलब्ध आहेत काय: होय. संख्या: ४१. साधनांचा वापर कोण करतं, या प्रश्नापाशी ते थांबले आणि मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, आमचे ह्ये. सरांनी तेच लिहिलं. पुढं मी आकडेमोड केली तेव्हा दर घरामागं टीव्हींची सरासरी आसपासच्या गावांशी इतकी तंतोतंत जुळली की त्यावर मला एक वेगळं प्रकरण लिहिता आलं. बाहेरच्या परीक्षकांचं म्हणणं पडलं की हे एक कुटुंब फारच विचित्र आहे, ते गणनेतून वगळावं. सर म्हणाले, वगळायचं नाही. मला पहिला वर्ग मिळाला. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी पायरीवर फॉर्मचं शेवटचं पान आलं तेव्हा मी मावशींच्या कानाशी गेले.

"मावशी, ह्यो कागद सरकारचा न्हाई. खरंच न्हाई. याच्यानं तुमचं काय बिघडत न्हाई."

"शिक्का हाय की," मावशी म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं, सरांनीही सांगितलं. मावशींनी दोघांचंही ऐकलं आणि दोघांवरही विश्वास ठेवला नाही. कागद भरला की नाव जातं, हे त्यांना एकदा कळलेलं होतं. या अंगठ्यानं नवी यादी आपल्यासाठी बंद होणार, गेणभाऊ खाटेवरून उठणार नाहीत, असंच त्या धरून चालल्या होत्या, आणि तरी शाईच्या डबीकडं हात करत होत्या. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण डबी माझ्याच हातात होती, म्हणून मी ती घट्ट धरली.

सरांनी शेवटची ओळ वाचून दाखवली. "वर दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. तुम्हाला हे मान्य आहे का?"

मावशींनी अंगठा शाईत बुडवला, पण कागदावर टेकवला नाही.

"ह्येच्यानं आमची पोरगी पास व्हईल का?" त्यांनी विचारलं.

सरांनी कागद गुडघ्यावर नीट धरला.

"होईल," ते म्हणाले.

"मंग खरी हाय," मावशी म्हणाल्या आणि अंगठा दाबला.